दोन अनामिका, एक रेघ: बोटावरच्या टॅटूचं एक प्रकरण

हे प्रकरण एका जोडप्याचं आहे. दोघंही तिशीतले. बाई ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहेत. हात स्क्रब करून सर्जनशेजारी उभं राहायचं, हत्यारं हातात द्यायची, हे त्यांचं काम. त्यांचे पती दिवसभर कॉम्प्युटरवर बसतात. लग्नाची अंगठी दोघांनाही घालता येत नव्हती, पण कारणं वेगवेगळी. थिएटरमध्ये अंगठी चालत नाही; तिच्याखाली जंतू साचतात आणि हातमोजा फाटण्याची भीती असते. पतींना निकेलची ॲलर्जी. लग्नातली अंगठी त्यांनी हौसेनं घातली आणि थोड्याच दिवसांत बोटाभोवती लाल, खाजरं कडं उमटलं. म्हणून दोघांनी मिळून ठरवलं, की डाव्या अनामिकेच्या मुळाशी अंगठीच गोंदून घ्यायची. नक्षीही ठरवून आणली होती: बोटाभोवती पूर्ण फिरणाऱ्या दोन बारीक रेघा आणि त्यांच्यामध्ये लग्नाची तारीख, देवनागरी आकड्यांत.

मी टॅटू काढण्याचं काम करते. बोटावर काम मागणारे पुष्कळ येतात आणि त्यातल्या बहुतेकांना मी पहिल्या भेटीत सुई लावत नाही. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण यात नक्षी एक, शाई एक, दिवस एक, आणि हात दोन. येणारा माणूस आधी विचारतो, बोटावर काय छान दिसेल? मी आधी विचारते, तुमचा हा हात दिवसभर काय काय करतो? बोटावरच्या टॅटूचं पुढं काय होणार, ते बरंचसं या उत्तरात असतं.

पहिली भेट

सुरुवातीला मी टॅटूशिवायचे पर्याय काढले. निकेल नसलेल्या अंगठ्या मिळतात. टायटॅनियम आहे, प्लॅटिनम आहे. बाईंना थिएटरबाहेर असताना अंगठी साखळीत ओवून गळ्यात घालता आली असती. यावर पतींचं उत्तर सरळ होतं: "तिला जे बोटात घालता येत नाही ते मला एकट्याला नको." हे ऐकल्यावर मी पर्यायांचा विषय सोडला. दोघांना एकाच जागी एकच खूण हवी होती आणि कारण पक्कं होतं.

मग हात पाहिले. आधी बाईंचा. कातडी कोरडी, पेरांवर बारीक भेगा, नखांच्या मुळाशी साल निघालेली. स्क्रब, साबण, सॅनिटायझर, मोजे, पुन्हा साबण, असा ज्याचा दिवस जातो त्या हाताची ही नेहमीची अवस्था. भेगाळलेल्या कातडीवर मी काम करत नाही; शाई नीट बसत नाही आणि जंतूंना वाट आधीच उघडी असते. पतींचा हात मऊ होता, पण अनामिकेवर जुन्या पुरळाचा करडा डाग अजून होता. पुरळ चालू असेल तिथे सुई लावायचीच नाही. ते बसल्यावरही, धातूची ॲलर्जी असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन यायचं, हा माझा आग्रह असतो. रंगद्रव्यांत निकेलचा अंश असू शकतो. काळ्या शाईत बहुतेक वेळा कार्बन ब्लॅक, म्हणजे काजळीसारखी बारीक पूड असते, त्यामुळे इतर रंगांच्या मानानं ती बरी. सगळ्यात जास्त त्रास लाल रंग देतो. युरोपीय संघानं जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या, त्यामागे हीच काळजी होती. शाईचा थेंब कातडीवर लावून आधी चाचणी घेता येते, पण ती निर्दोष आली म्हणजे पुढे काही होणार नाही असं नाही. शाईची ॲलर्जी कधी कधी महिन्यांनी, वर्षांनीही उठते. हे मी पतींना स्पष्ट सांगितलं. शाईच्या बाटलीवरच्या घटकांचा फोटो घेऊन ते डॉक्टरांकडे गेले आणि त्यांचा होकार घेऊनच परत आले.

बोटाची कड कुठे संपते

माझं खरं बोलणं पूर्ण गोलाबद्दल होतं. वाचणाऱ्यानं हे स्वतःच्या बोटावर करून पाहावं, कारण सांगण्यापेक्षा ते लवकर पटतं. बोट पूर्ण वाकवा आणि कडेनं बघा. सांध्यांवरच्या घड्या जिथे जिथे संपतात ते बिंदू मनातल्या मनात जोडा. बोटाच्या दोन्ही कडांना एकेक उभी रेघ तयार होते. या रेघेच्या एका बाजूला हाताच्या पाठीची कातडी: पातळ, सैल, बारीक लव असलेली. दुसऱ्या बाजूला तळव्याची: जाड, घट्ट, बिनलवेची, ठशांच्या बारीक ओळी असलेली आणि सतत घामेजणारी. अंगठीचा गोल या दोन्ही प्रदेशांतून जातो आणि तिथे शाईचं नशीब वेगवेगळं असतं.

कातडीचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, पापणीवर जेमतेम ०.०५ मिमी असतो आणि तळहात-तळपायावर दीड मिमीपर्यंत जातो. हा थर सतत झडतो आणि साधारण महिना-दीड महिन्यात नवा होतो. त्यात राहिलेली शाई त्याच्याबरोबर निघून जाते. टॅटू टिकायचा असेल तर शाई त्याखालच्या थरात, अंतस्त्वचेत, जायला हवी. तिथे शरीरातल्या भक्षक पेशी शाईचे कण गिळून बसतात. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर काम करून दाखवलं, की शाई पोटात घेतलेली पेशी मेली की कण मोकळे होतात आणि शेजारी येणारी नवी पेशी ते पुन्हा गिळते. टॅटू वर्षानुवर्षं जागेवर दिसतो तो या देवघेवीमुळे. तळव्याच्या बाजूला मुळात शाई या थरापर्यंत सारखी पोहोचवणंच कठीण. वर जाड थर, त्यात धरणं, पकडणं, घासणं चालूच. तिथली रेघ काही आठवड्यांत तुटक होते आणि बऱ्याचदा ठिपके-ठिपकेच उरतात.

पाठीची बाजू सोपी वाटते, पण तिथे अडचण उलटी. कातडी पातळ आणि खाली चरबी नावालाच. लगेच शिरा, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर), हाड. एरवी सुई एक ते दोन मिमी आत जाते. बोटावर हातचं राखून चालावं लागतं. केसभर कमी गेली तर खपलीबरोबर रेघही गळून जाते. केसभर जास्त गेली तर टीपकागदावर फुटावी तशी शाई आजूबाजूला पसरते आणि रेघेभोवती निळसर सावली राहते. आम्ही याला ब्लोआउट म्हणतो. एकदा झाला की टच-अपनं, म्हणजे नंतर पुन्हा सुई फिरवून दुरुस्ती केल्यानं, तो निघत नाही.

कडेला, म्हणजे बोटं एकमेकांना लागतात तिथे, दोन्ही दोष एकत्र येतात. लोकांना लहान अक्षरं नेमकी याच जागी हवी असतात, कारण तिथे ती अर्धी लपतात.

तारखेचं काय झालं

प्रत्येक टॅटूची रेघ काळानुसार थोडी जाड होते. पाठीवरच्या मोठ्या चित्रात ते जाणवत नाही. बोटावर दोन रेघांमधली मोकळी जागाच जेमतेम मिलिमीटरभर असेल तर काही वर्षांत दोन्ही मिळून एक पट्टा होतो. त्यांच्या नक्षीत तर त्या फटीत आकडे होते. मी कागदावर ती तारीख खऱ्या मापात काढली आणि मग त्याच आकड्यांवरून जरा जाड पेन फिरवलं. शून्याचं, एकाचं आणि चाराचं पोट बंद झालं. बाई कागदाकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे थोड्या वर्षांनी आमचं लग्न कधी झालं ते कुणालाच वाचता येणार नाही." तारीख तिथेच गळली.

उरली एक रेघ. ती थोडी जाड, साधारण मिलिमीटरभर, शुद्ध काळ्या शाईची. राखाडी छटा आणि पांढरी शाई बोटावर मी सुचवत नाही. पहिल्या विटतात त्याच.

बाईंचे प्रश्न

नर्स असल्यामुळे त्यांनी जे विचारलं ते प्रत्येकानं विचारावं असं मला वाटतं. सुया एकदाच वापरून टाकायच्या आहेत का, पाकीट माझ्यासमोर उघडाल का, शाई बाटलीतून वेगळ्या छोट्या टोपणात काढता का, मोजे केव्हा बदलता. आणि मग, "ताई, शाई पातळ करायला पाणी कसलं घेता?"

हा शेवटचा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. नळाच्या, फिल्टरच्या किंवा नुसत्या डिस्टिल्ड पाण्यातही जंतू असू शकतात. पातळ करायचीच तर निर्जंतुक पाणी हवं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर इथे २०११-१२ मध्ये १९ जणांना टॅटूच्या जागी मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जंतूचा संसर्ग झाला. माग काढल्यावर दोष सापडला तो तयार राखाडी शाईत, आणि ती शाई विक्रीला निघण्याआधीच दूषित झालेली होती. म्हणजे आर्टिस्टची स्वच्छता चोख असूनही हे घडू शकतं. म्हणून मी शाईचा बॅच क्रमांक लिहून ठेवते आणि गिऱ्हाइकाला देते. या दोघांचं काम मी न पातळ केलेल्या शाईनं केलं.

हिपॅटायटिस बी ची लस बाईंनी नोकरीमुळे घेतलेली होती, पतींनी नव्हती. ती आधी सुरू करून घ्या, असं बाईंनीच त्यांना बजावलं.

त्यांच्या रुग्णालयाची परवानगी हा वेगळा विषय होता आणि तो त्यांनी काम ठरवण्याआधी निकाली काढला. भरून आलेल्या टॅटूला तिथे हरकत नव्हती, पण हातावर उघडी जखम असेपर्यंत स्क्रब करायचं नाही, हा नियम. तो योग्यच आहे, रुग्णाच्या दृष्टीनंही आणि त्यांच्याही. त्यामुळे त्यांची मोठी रजा सुरू होईल त्या पहिल्या दिवशी काम करायचं ठरलं. हातांवरच्या टॅटूचे नोकरीतले नियम हल्ली सैल होत आहेत. अमेरिकी लष्करानंही जून २०२२ मध्ये प्रत्येक हातावर एक इंचापर्यंतचा एक टॅटू चालवून घेतला. पण सगळीकडे तसं नाही, आणि बोट काही बाहीखाली झाकता येत नाही. रक्तदान करणाऱ्यांनी आपल्याकडचा नियमही पाहावा. टॅटूनंतर काही ठिकाणी काही महिने, काही ठिकाणी वर्षभर थांबावं लागतं.

लेझरबद्दल पतींनी विचारलं. लेझरनं टॅटू काढता येतो, पण हातापायांची टोकं याला सर्वांत चिवट. टॅटू जायला किती बैठका लागतील याचा अंदाज बांधण्यासाठी २००९ साली डॉक्टरांनी मांडलेली किर्बी-देसाई नावाची एक मोजपट्टी आहे. तिच्यात चेहरा-मानेला जागेसाठी १ गुण मिळतो आणि हातापायांच्या शेवटच्या भागाला ५. जितके गुण जास्त तितक्या बैठका जास्त. दोन बैठकांमध्ये निदान सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, आणि सावळ्या कातडीवर पांढरट डाग राहण्याचा धोका वेगळा.

पेनाची अंगठी

सुई लावण्याआधी मी दोघांना एक काम दिलं. कातडीवर चालणारा सर्जिकल मार्कर दिला आणि सांगितलं, की आठवडाभर रोज सकाळी ठरल्या जागी पूर्ण गोल रेघ काढा, एरवीसारखे वागा, आणि रात्री रेघ कुठून पुसली गेली त्याचा फोटो काढा. मार्कर वर बसतो आणि शाई आत, त्यामुळे ही काही टिकाऊपणाची परीक्षा नव्हे. पण बोट कुठे घासतं ते कळतं, आणि ते माणसाला स्वतःला ठाऊक नसतं. शिवाय ती खूण रोज बघायला आवडते का, तेही कळतं.

फोटो आले. तळव्याच्या बाजूची रेघ दोघांचीही दुपारपर्यंत गेलेली, हे अपेक्षित होतं. बाईंची रेघ मधल्या बोटाच्या बाजूनं पुसली जात होती, करंगळीच्या बाजूनं बरी राहत होती. पतींच्या फोटोंनी मात्र मी चक्रावले. त्यांच्या बोटाच्या पाठीवरचीच रेघ, म्हणजे सगळ्यात सुरक्षित जागेवरची, संध्याकाळी खरवडल्यासारखी. टायपिंगनं असं होत नाही. बोलता बोलता उलगडलं: उभं राहिलं की डावा हात जीन्सच्या खिशात. खिशाची शिवण बरोबर त्या पेरावरून घासत होती.

फोटोंवरून अंतिम आकार ठरला. पूर्ण गोल नाही. बोटाच्या पाठीवरून जाणारी कमान, दोन्ही बाजूंनी त्या कडेच्या रेघेच्या अलीकडे थांबणारी. समोरून हात बघणाऱ्याला अंगठीच दिसते. तळवा वर केला की मागून मोकळी. बाईंच्या बोटावर मधल्या बोटाच्या बाजूचं टोक मी आणखी थोडं आखूड धरलं. पतींना हे थोडं खटकलं. त्यांच्या मनात अंगठी म्हणजे बंद गोल होता. बाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, की अर्धवट पुसलेल्या गोलापेक्षा ठरवून मोकळी ठेवलेली कमान बरी. त्यावर दोघांचं एकमत झालं.

रजेआधीचे काही दिवस बाईंनी कामाबाहेर हातांची निगा मन लावून राखली, रात्री क्रीम आणि सुती हातमोजे. रजेच्या दिवशी भेगा भरलेल्या होत्या.

काम आणि त्यानंतरचे आठवडे

प्रत्यक्ष कामाला फार वेळ लागला नाही. बोटावर दुखतं, पण थोडा वेळ. स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उठवायचा नक्षीचा छाप, लावताना बोट सरळ आणि वाकवलेलं, दोन्ही स्थितींत पाहिलं, कारण सरळ बोटावर नीट दिसणारी कमान मूठ वळली की तिरकी होऊ शकते. बाईंची स्टेन्सिल यासाठी एकदा पुसून पुन्हा लावली. रेघ एका दमात, कमी वेगानं, कातडी दोन्ही बाजूंनी ताणून.

घरी काय करायचं ते लिहून दिलं. सौम्य, बिनवासाच्या साबणानं हलकेच धुणं, टिपून कोरडं करणं, मलमाचा अगदी पातळ हात. बोटावर चिकटपट्टीचं पारदर्शक आवरण टिकत नाही, सांधा हलला की सुटतं आणि आत ओल साचते, म्हणून उघडंच ठेवायचं. जखम बंद होईपर्यंत सॅनिटायझर नाही, पोहणं नाही, भांडी घासणं नाही. खपली ओढायची नाही. पतींसाठी एक जादा सूचना: डावा हात खिशात नाही.

आणि दोघांनाही तोंडी, दोनदा: बोट ठणकू लागलं, संपूर्ण बोट सुजलं, वाकलेलंच राहिलं आणि सरळ करताना कळ आली, तर मला फोन करू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बोटातल्या कंडरेच्या आवरणात संसर्ग गेला तर तासातासानं नुकसान वाढतं आणि बोट कायमचं ताठरू शकतं. लालसर कड आणि थोडी सूज पहिले दोन-तीन दिवस असते. ती वाढत न जाता ओसरत गेली पाहिजे.

दुसऱ्या आठवड्यात पतींचा फोन आला, की रेघ दुधाळ, पुसट दिसतेय. खपली जाऊन नवी कातडी येते तेव्हा तसं दिसतंच, ती निवळते. बाईंची वरची कातडी तिसऱ्या आठवड्याअखेर बंद झाली. रुग्णालयात संसर्ग-नियंत्रण पाहणाऱ्यांना हात दाखवून, त्यांनी हो म्हटल्यावरच त्या स्क्रबला उभ्या राहिल्या. वरून बंद झालेली जखम आतून भरायला आणखी दोन-तीन महिने घेते, म्हणून टच-अपसाठी मी घाई केली नाही.

टच-अपच्या वेळी पतींची रेघ जवळजवळ अखंड होती. खिशाच्या शिवणीच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढी फिकी फट, बस. बाईंच्या रेघेचा माथा छान बसला होता, पण दोन्ही टोकं विरलेली, आणि आखूड ठेवूनही मधल्या बोटाच्या बाजूचं जास्त. त्यांचा हात दिवसातून कितीदा धुतला जातो ते पाहता मी याहून वाईट धरून चालले होते. दोघांच्याही फटी एकदा भरल्या. बाईंसाठी पुन्हा रजा गाठावी लागली. टच-अप लागणार, ही गोष्ट बोटाच्या बाबतीत आधीच सांगायला हवी, आणि ज्याला हातांना पुन्हा तीन आठवडे विश्रांती देणं जमणार नाही त्यानं तेवढ्यासाठी तरी बेत पुढं ढकलावा.

वर्षानंतर

वर्ष उलटल्यावर दोघं हात दाखवायला आले. दोन्ही रेघा किंचित जाड झालेल्या. तारीख काढली असती तर चाराचं पोट केव्हाच भरलं असतं. पतींच्या बोटावर ॲलर्जीची काही खूण नाही. खाज किंवा फुगवटा केव्हाही उठला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं, हे त्यांना पुन्हा सांगितलं. बाईंची कमान पतींच्या कमानीपेक्षा थोडी आखूड दिसते, कारण एक टोक पुन्हा विरलंय.

त्या दिवशी दोन मागण्या पुढे आल्या. बाईंना ते टोक परत गडद करून हवं होतं. पतींनी पूर्ण गोलाचा विषय पुन्हा काढला, निदान त्यांच्या एकट्याच्या बोटावर, कारण त्यांचा हात कुठे एवढा घासतो? गोलाला मी नाही म्हटलं. तळव्याची कातडी कॉम्प्युटरवाल्याचीही तळव्याचीच असते. बाईंच्या टोकावर मात्र मी बराच वेळ बोट फिरवून पाहिलं. एकाच जागी वारंवार सुई गेली की तिथे वण धरतो, कातडी टणक होते आणि पुढची शाई फुटते. तिथे अजून टणकपणा नाही. पण ते टोक विरतंय ते काम कच्चं राहिलं म्हणून नाही. ती जागाच दुसऱ्या बोटाला घासते. गडद केलं तरी ते तसंच पुन्हा जाणार. म्हणून मी सुचवलं, की ते टोक विरलंय तिथेच संपलं असं धरू, आणि पुढच्या रजेत दुसरं टोक, करंगळीच्या बाजूचं, वाढवून नव्हे तर तेवढंच नीट गोल करून घेऊ, म्हणजे कमान दोन्हीकडून सारखी दिसेल. बाईंनी रजा केव्हा मिळते ते पाहून कळवते म्हटलं आहे. तोवर मार्कर त्यांच्याकडेच आहे. गोल केलेलं टोक कसं दिसेल ते त्या रोज काढून पाहणार आहेत.